एकोणऐंशी

शून्य.

तीन तास झाले तरी बोधमापकाच्या पडद्यावर दोन्ही ओळींत तोच आकडा. सुगंधा तांडेलने पडदा पुन्हा एकदा निरखला. समुद्रावर तरंगणाऱ्या शेवाळवस्तीतली ही एवढीशी खोली, आणि त्यात राहणाऱ्या दोघीच: ती आणि तिची नऊ वर्षांची लेक रेवा. दोघींच्याही कपाळाला पट्ट्या.

"पुन्हा सांगतो, ताई," समोर बसलेले निरीक्षक घोलप म्हणाले. "नवं काही उमगलं की मेंदूत एक ठरावीक लहर उठते. पाठांतराने उठत नाही. आधीच ठाऊक असेल तरीही नाही. गृहशिक्षण योजनेत अशी एक जरी लहर दिसली, तर सरकार दर आठवड्याला घरी शिक्षक पाठवतं. नाही दिसली, तर मूल किनाऱ्यावरच्या वसतिशाळेत."

"आणि मला पट्टी कशाला? मी काय आता शाळेत जाऊ?"

"तुलनेसाठी."

रेवाला धाडायचं? मग या खोलीत बडबडणार कोण? सुगंधाने पाटी पुढे ओढली.

"लिही. एकोणऐंशी."

रेवाने लिहिलं, ७९.

"चुकलीस! ऐंशी आहे ना त्यात? मग आठाने सुरू होणार. ८९."

"आई, तू पण ना! एकोण म्हणजे एक उणा. ऐंशीला एक उणा. एकोणीस, एकोणतीस, सगळे तसेच."

सुगंधा थबकली. विसाला एक उणा. तिसाला एक उणा. चाळिशी आली, रोज हे शब्द तोंडात, आणि...

टिंग.

एक.

"झालं!" रेवा ओरडली.

घोलपांनी पडदा वळवला. "लहर तुमची आहे, ताई."

"म्हणजे नापास?"

"छे! नियमात 'घरात शिकणारी व्यक्ती' एवढंच लिहिलंय, वय नाही. विद्यार्थी, सुगंधा तांडेल. शिक्षक, रेवा तांडेल. शिक्षकाला विद्यार्थ्यापासून हलवता येत नाही. मदत मंजूर."

रेवा आईच्या गळ्यात पडली. "आता नीट बसायचं हं, नाहीतर छडी!"

सुगंधा हसली. मग हसू अर्ध्यावर राहिलं.

"तो सरकारी शिक्षक येईल, तो..."

"तुमच्यासाठी. तुमच्या इयत्तेचा."

"आणि हिला?"

घोलपांनी खालच्या ओळीकडे बोट केलं. रेवाचा आकडा पडद्यावर होताच. शून्य. पोरगी तीन तासांत एकदाही चुकली नव्हती. या घरात तिला चुकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

टिंग.

सुगंधाच्या ओळीत दोन. या वेळी कुणी काहीच शिकवलं नव्हतं.

सुगंधाने पट्टी काढून घोलपांच्या हातात दिली.

"साहेब, वसतिशाळेची बोट किती वाजता सुटते?"