सात जणांचं लक्ष

आमच्या बाबांची पेटी. पन्नास वर्षं वापरलेली. चांगल्या हातात जावी.
लक्ष ठेवून असलेले : ७. बोली : ०. लिलाव संपला.

*

रविवारी दुकान बंद. दुरुस्तीला दिलेले मोबाइल सोमवारी न्यावेत.

*

हाताची हत्यारं विकत हवीत. जुनी चालतील. शोभेची नकोत.
(हार्डवेअरच्या दुकानात, बिजागऱ्यांच्या खोक्यावर चिकटवलेला कागद.)

*

भावजींच्या फोनची काच शनिवारी बदलली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो टुणकन वाजतो आणि 'वेळ संपत आली' असं सांगतो. भावजी जाहिरात समजून पुसून टाकतात. "माझ्या वयाच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको," ते म्हणतात.

*

गुरु १. शुक्र ३. शनि ५. रवि ५. सोम ६. मंगळ ७. बुध ७.

*

हे आकडे प्लायवुडच्या तुकड्यावर होते, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेले. मिस्त्रींनी गुरुवारी सकाळी तो तुकडा वहिनींच्या टेबलावर ठेवला.

वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्या तेच करत. भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, नोंदी ठेवत.

"मला हे सात जण शोधून द्या," मिस्त्री म्हणाले.

"त्यांनी काय चोरलं?" भावजींनी वही उघडली.

"काही नाही. तीच तक्रार आहे."

गोष्ट सरळ होती. रविवारी मिस्त्री कारखान्याची जागा सोडून मुलाच्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होते. हत्यारांची पेटी तिथे मावणार नव्हती. म्हणून सुनेने ती सात दिवसांसाठी ऑनलाइन लिलावात लावली. पानावर, किती जण लक्ष ठेवून आहेत, त्याचा आकडा दिसे. मिस्त्री जेवायला मुलाकडे जात, तेव्हा आकडा विचारून घेत आणि परतल्यावर लिहून ठेवत.

"सात जण डोळे लावून बसतात आणि एकही बोली लावत नाही? कुणीतरी माझी चेष्टा करतंय. आणि सातातला एक जरी खरा असेल, तर पेटी त्याची."

"नाहीतर?"

"नाहीतर आमचा फर्निचरवाला. माझ्याच हाताखाली शिकला. शोरूममध्ये भिंतीवर लावतो म्हणतोय. भिंतीवर जायला मी अजून मेलेलो नाही."

"दुसरं कुणी घ्यायला आलं नाही?"

मिस्त्रींनी प्लायवुडच्या कडेची एक ढलपी नखाने काढली. "सोमवारी एक बाई आली होती, हार्डवेअरवाल्याकडून ऐकून. सुतारकाम करते म्हणे. पेटी बघितली. मी सांगितलं, सहा जण रांगेत आहेत. गेली."

"तिचा नंबर?"

"घेतला नाही."

ते गेल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, यात रहस्य कसलं? बघणारे पुष्कळ, घेणारा विरळा. मी स्वतः दर रविवारी गाड्या बघतो."

"बघायला वस्तू आधी रस्त्यावर यावी लागते, भावजी."

वहिनींनी लिलावाच्या साइटवर, संपलेले लिलावही धरून, 'रंधा' टाइप केलं. मग 'पटाशी'. मग 'करवत', 'सुतारकाम'. शेकडो वस्तू आल्या. मिस्त्रींची पेटी त्यांत नव्हती.

"हे लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

भावजींनी लिहिलं. का लिहिलं ते त्यांना कळलं नाही.

*

फर्निचरवाल्याच्या शोरूममध्ये सगळं चकचकीत होतं, आणि रंध्याखालून गेलेलं काहीच नव्हतं.

"मला सुनेनं लिंक पाठवली होती. बघितली," तो म्हणाला. "लक्ष ठेवण्याची ती खूण मात्र केली नाही."

"का?"

"खूण करायला तोंड लागतं. मिस्त्रींनी मला शिकवलं आणि मी यंत्रं आणली. ते एकदा इथे आले, एका टेबलावर हात फिरवला आणि काही न बोलता गेले. त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

"तुमच्याकडे माणसं किती?"

"सात." त्याच्या लक्षात आलं. "बाई, तसं काही नाही. हवं तर विचारा त्यांना. पण मंगळवारी या. मंगळवारी आमची सुट्टी, सगळे निवांत भेटतील. रविवारी तर श्वास घ्यायला फुरसत नसते."

रस्त्यावर भावजी म्हणाले, "सात माणसं, सात खुणा. पेटी कुणी घेऊ नये म्हणजे आपोआप याच्या भिंतीवर. पकडला."

"अंगात येतं तुमच्या. चला."

*

सून इस्पितळात नाव-नोंदणीच्या खिडकीत बसे. मागे रांग होती. ती शिक्के मारता मारता बोलली.

"पहिली खूण माझी. बटण चालतं का बघायला केली. एका फोनवरून एकदाच होते."

"मजकूर कुणाचा?"

"बाबांचाच. मी म्हटलं, हत्यारांची नावं घालू या. ते म्हणाले, भाजीवाली ओरडते तसं ओरडायचंय का? फोटोही बंद पेटीचा. उघडायची ती घेणाऱ्यानं, असं त्यांचं म्हणणं." तिने शिक्का खाली ठेवला. "आता ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मीच काहीतरी चुकीचं लावलं आणि माणसं बोली लावू शकली नाहीत."

*

मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन हात रुंद खोबण होती. डोळ्याला भिंग लावून तो एका उघड्या फोनवर वाकला होता.

"या काका. काच ठीक चालतेय ना?"

"काच झकास," भावजी म्हणाले. "पण तेव्हापासून एक जाहिरात पिच्छा सोडत नाही."

मुलाच्या चिमट्यातला स्क्रू निसटला. तो बराच वेळ टेबलाखाली शोधत राहिला. वर आला तेव्हा हात पुढे केला. "द्या, बंद करून देतो."

"राहू दे रे, घाई नाही," वहिनी म्हणाल्या. "फोन दुरुस्त झाला हे तू कसं बघतोस?"

"एखादं पान उघडायचं. नेट, आवाज, काचेवर बोट चालतंय का, सगळं कळतं." तो थांबला. "कुठलंही पान."

*

शुक्रवारी दुपारी सगळे कारखान्यात जमले. भिंतींवर हत्यारांच्या जागी फक्त त्यांचे फिकट आकार उरले होते. पेटी मध्ये होती. फर्निचरवाला दाराशी उभा राहिला. मिस्त्रींनी बस म्हटलं नाही, म्हणून तो बसला नाही.

"तुम्ही विचारलंत, सात जण घेणारे का झाले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मी आधी विचारलं, ते बघणारे झालेच कसे? पानावर रंधा नाही, पटाशी नाही. पन्नास वर्षं वापरलेली कसली पेटी, तेही नाही. हत्यारं शोधणाऱ्याला ती सापडूच शकत नाही. म्हणजे खुणा करणाऱ्याला पान आधीपासून ठाऊक होतं. अशी माणसं तीन. सून, मुलगा आणि हे."

फर्निचरवाला पायांकडे बघू लागला.

"एक फोन, एक खूण. सुनेकडे फोन एकच. यांच्याकडे सात माणसं. पण ती रविवारी सगळी दुकानात असतात आणि मंगळवारी सुट्टीवर. यांच्या हातून झालं असतं, तर आकडा रविवारी वाढला असता आणि मंगळवारी थांबला असता. तुमच्या प्लायवुडवर उलटं आहे. रविवारी पाचाचे पाचच, मंगळवारी सहाचे सात. रविवारी कुणाचं दुकान बंद, म्हणून दुसऱ्यांचे फोन हाताशी नव्हते?"

वहिनी भावजींकडे वळल्या.

"भावजी, ती जाहिरात दाखवा."

भावजींनी फोन काढला. न पुसलेला एक संदेश शिल्लक होता. त्यांनी तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला. तुम्ही लक्ष ठेवून असलेला लिलाव संपत आला आहे. आमच्या बाबांची पेटी.

"म्हणजे सातातला एक मी?" ते म्हणाले.

"शनिवारपासून. आणि स्वतःलाच शोधत फिरत होतात."

मुलगा उभा राहिला. "सहा माझ्या. दुरुस्तीला आलेल्या फोनवरून केल्या. लोकांना न विचारता. गुन्हा आहे, माहीत होतं." तो वडिलांकडे न बघता बोलत होता. "लिलाव लागला त्या गुरुवारी बाबांनी तीनदा विचारलं, कुणी बघतंय का. एक होता, तोही हिचा. दुसऱ्या दिवशी तीन सांगितले तर ते एक पोळी जास्त जेवले. मग मला थांबता येईना. वाटलं, गर्दी दिसली की खरी गर्दी येईल. आणि खरं गिऱ्हाईक आलं ते माझ्या खोट्या गर्दीमुळे परत गेलं. हिच्याशी तुम्ही अबोला धरलात, तेव्हाही मी गप्प बसलो."

सून म्हणाली, "मला सांगायचं तरी."

मिस्त्री पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसले होते.

"एक राहिलं," वहिनी हळू म्हणाल्या. "मिस्त्री, सहा जण नसते, तर त्या बाईला पेटी दिली असतीत?"

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, निघून गेलं.

"नसती," मिस्त्री म्हणाले. "बाईमाणसाच्या हातात रंधा, माझ्या मनाला पटेना. पण तोंडावर म्हणायची लाज वाटली. ते सहा जण माझ्यासाठी बोलले." मग मुलाला म्हणाले, "तू खाली बस. तुझं पाप लहान आहे." आणि सुनेला, "माझं चुकलं, बाळ."

वहिनींनी एक चिठ्ठी पेटीवर ठेवली. "हार्डवेअरच्या दुकानात तिचा कागद होता, त्यावर नंबर. काल बोलले. तिला हत्यारं अजून हवी आहेत. पण तुमच्या दारात पुन्हा येणार नाही म्हणाली."

"बरोबर आहे तिचं. किती लांब आहे?"

"अर्धा तास. चालत."

फर्निचरवाला पुढे झाला. "माझी गाडी आहे."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. "गाडी राहू दे. ही कडी धर. दुसरी मी धरतो."

"वजन आहे, मिस्त्री. तुम्ही कशाला?"

"धर म्हटलं ना."

ते दोघं पेटी घेऊन दारातून आडवे बाहेर पडले. मुलगा आणि सून मागोमाग निघाले. भावजींनी फोनवरची खूण पुसायला बोट उचललं आणि ती तशीच राहू दिली.

सोमवारी त्या बाईने पेटीतली पटाशी उचलून तिची धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहिली होती, जशी पाहायची असते तशी, आणि मिस्त्रींना ते दिसलं होतं.