एक टक् चूक, दोन टक् बरोबर

ही गोष्ट खरी आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. ज्यांच्या बाबतीत घडली ते मास्तर माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघीही आता नाहीत. म्हणूनच बहुतेक त्यांनी ती मला सांगितली.

शरद ऋतूचे दिवस. संध्याकाळची वेळ, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागलेले. जागा म्हणजे मास्तरांच्या दुकानामागची शिवणखोली. एक मशीन, एक लांब टेबल आणि टेबलाच्या त्या टोकाला एक स्टूल.

स्टूल रिकामं होतं.

आधी त्यावर मास्तरांची बायको बसायची. मास्तर मशीनवर, ती काज-बटणाला. संसार असाच त्या टेबलाच्या दोन टोकांना झाला.

मुलगी लग्न होऊन लांब परदेशात गेली. जावई रशियन बोलणारा, त्यामुळे नातही रशियनच बोलते. तिच्या शाळेत भुताखेतांचे वेश करून नाचायचा सण असतो. त्या दिवशी आजी-आजोबांनी फोनवर सगळी सोंगं तिच्या भाषेत ओळखायची, असं नातीनं फर्मान काढलं होतं.

मग काय, शिकवणी सुरू झाली. मुलगी शब्द बोलून पाठवायची. बायको ते ऐकून पाठ करायची आणि मास्तरांकडून घोटून घ्यायची.

"अहो, जाळं विणणारा कोळी?"

"पऊक."

टक् टक्.

तिच्या बोटात अंगुस्तान असायचं, सुई ढकलायची ती लोखंडी टोपी. प्रश्न विचारला की ती दोऱ्याचं टोक तोंडात धरायची, सुईत ओवायला. मग बोलणार कशी? उत्तर बरोबर आलं की अंगुस्तान टेबलावर दोनदा वाजवायची. चुकलं की एकदाच.

"चेटकीण?"

"व्येद्मा."

टक् टक्.

"आणि भूत?"

"प्रि... प्रिद्... प्रिव्ये..."

टक्.

शब्द होता प्रिविद्येनिये. मास्तरांच्या तोंडून काही केल्या निघेना.

"जन्मभर दुसऱ्यांच्या बाह्या सरळ केल्यात, स्वतःची जीभ तेवढी सरळ होईना!"

"तू म्हण की मग."

"बरं, राहू द्या. भूत मी म्हणेन. बाकीची तुम्ही."

सण यायच्या आधीच, एका दुपारी, काज करता करता तिनं टेबलावर डोकं टेकलं. मास्तरांना वाटलं, डुलकी लागली. त्यांनी मशीनही हळू चालवलं...

ती उठलीच नाही.

मुलगी आली, थोडे दिवस राहिली, परत गेली. नात खूप रडली म्हणे. मग तिनं एवढंच विचारलं, "आजोबा तरी ओळखतील ना?"

मास्तर म्हणाले, "सांग तिला, ओळखेन."

त्या संध्याकाळी ते मशीनवर बसले. नातीसाठी भुताचा पांढरा झगा शिवत होते. हात कामात असला की मन जरा थाऱ्यावर राहतं. स्वतःशीच शब्द म्हणू लागले.

"भोपळा... तीक्वा."

टक् टक्.

मशीन थांबलं.

खोलीत काहीच नाही. इस्त्री थंड. दार बंद.

मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं. उंदीर असेल. की अंगुस्तानच कुठं घरंगळलं? ते तर कधीपासून सापडतच नव्हतं. खण उपडे करून झाले होते.

मग त्यांनी मुद्दाम चुकीचं म्हटलं.

"चेटकीण... पऊक."

आणि कान टेबलाकडे लावले.

टक्.

एकदाच. स्टुलाच्या टोकाकडून.

मास्तर तडक पुढच्या दुकानात येऊन बसले. बाहेर लोक येत-जात होते, कुणाला काय सांगणार?

पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते पुन्हा आत गेले.

"भीती वाटत नव्हती?" मी विचारलं.

"वाटत होती की. पण तीच होती ना हो ती."

रोज शिकवणी चालू झाली. सगळे शब्द पाठ झाले. फक्त एक शब्द मास्तर टाळायचे. जमत नव्हता म्हणून नव्हे. एकदा न्हाणीघरात तो त्यांच्या तोंडून स्वच्छ निघाला होता. पण शिवणखोलीत त्यांनी तो उच्चारला नाही. तो शब्द आला की शिकवणी संपली. मग ती कशाला येईल?

सणाचा दिवस आला. फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर नात, मास्तरांनी शिवून पाठवलेल्या झग्यात. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. तिनं एकेक चित्र दाखवलं, मास्तरांनी एकेक ओळखलं. नात टाळ्या पिटत होती.

मग तिनं गिरकी घेतली. "क्तो या?"

"बाबा, विचारतेय, मी कोण?" मुलगी म्हणाली.

मास्तर दोऱ्याचं रीळ हातात फिरवू लागले.

टक्.

"बाबा, म्हणा ना. कधीची वाट बघतेय ती."

टक्.

भूत मी म्हणेन, असं बायकोच म्हणाली होती. मास्तर स्टुलाकडे बघत राहिले. तिकडून शब्द काही आला नाही...

झग्याखाली नातीचे खांदे पडले. ती दोन भोकं खाली वळली.

मास्तरांनी डोळे मिटले.

"प्रिविद्येनिये."

टक् टक्.

नात आनंदानं उडी मारून ओरडली. मुलगी मात्र पांढरीफटक पडली.

"बाबा... ते काय वाजलं?"

"तुला ऐकू आलं? आईचं अंगुस्तान गं."

"बाबा, आईचं अंगुस्तान मी आणलंय इकडे. तुम्हाला न विचारता. आज तिची आठवण येत होती म्हणून हातात धरून..."

तिनं मूठ उघडली. अंगुस्तान तिच्या तळहातावर होतं.

त्यानंतर त्या खोलीत काही वाजलं नाही.

परवा मी मास्तरांकडे गेलो होतो. ते मशीनवरच होते. माझ्यासमोर म्हणाले, "कोळी... व्येद्मा." मशीन थांबवलं. आम्ही दोघं कान देऊन बसलो...

काही नाही.

"मास्तर, पुरे करा आता."

"चुकलो म्हणून तरी वाजवेल हो, साडू. चूक तिला कधी खपली नाही."

निघताना मला स्टुलाशी दोऱ्याचा एक तुकडा दिसला. मास्तर हल्ली काज-बटणं बाहेरून करून घेतात. त्या टोकाला कुणी बसत नाही. मी तो सहज उचलला.

दोऱ्याचं एक टोक ओलं होतं.

मास्तरांना मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर ते त्या खोलीतून कधी बाहेर आले नसते. दोरा माझ्याकडे आहे. केव्हाच वाळला.

माझीही बायको गेलीय, पण माझ्या घरी अजून काही वाजलेलं नाही. मी कान देऊन असतो.