दफनस्थळ अज्ञात

आमच्या नॉर्थ ॲशबी गावातून राज्याच्या विधानसभेवर गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद चार ओळींत बसवायची, असं काम जिल्ह्याच्या इतिहास मंडळाने माझ्याकडे दिलं होतं. जन्म, धंदा, पद, मृत्यू आणि शेवटी दफनस्थळ. मी गावच्या शाळेत लॅटिन आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला, बायको वारलेला माणूस. याला दुसरं काही जमण्यासारखं नाही असा विचार करूनच कुणीतरी माझं नाव सुचवलं असणार. पण काम मला आवडलं. मेलेली माणसं शांत असतात, आणि त्यांच्याविषयी चुकीचं लिहिलं तर ती तोंडावर हसत नाहीत.

आमच्या व्हरमाँट राज्यात तेव्हा प्रत्येक गाव, मग ते केवढंही चिमुकलं असो, विधानसभेत आपला एक माणूस पाठवत असे. त्यामुळे गेल्या दीडशे वर्षांतली यादी लांबलचक होती. मी आडनावांच्या क्रमाने चाललो होतो. कोलबर्न झाले (त्यात माझे एक चुलत आजोबाही होते), फिस्क झाले, लॅड झाले. उन्हाळ्याच्या अखेरीस मी मेरिफिल्डांपाशी आलो.

मेरिफिल्ड, एझ्रा. नॉर्थ ॲशबीचा. विधानसभा सदस्य. पदावर असताना मृत्यू. दफनस्थळ अज्ञात.

मेरिफिल्ड, जोब. नॉर्थ ॲशबीचा. विधानसभा सदस्य. पदावर असताना मृत्यू. दफनस्थळ अज्ञात.

मेरिफिल्ड, ल्यूशस. तेच. त्यानंतर दोन, तेही तसेच. जन्म कुणाचाच नाही. बायको-मुलं नाहीत. बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ असावेत म्हणावं, तर मध्ये पंचवीस-तीस वर्षांचं अंतर, आणि मधल्या काळात गावात या आडनावाचं कुणी राहत असल्याची खूण नाही.

माझं काहीतरी चुकलं आहे असंच मी धरलं. ज्या गावात लोक आपल्या आवडत्या घोड्यालाही कुठे पुरलं ते तीन पिढ्या सांगतात, तिथे पाच आमदारांच्या कबरी हरवतील कशा? मी आजूबाजूच्या गावांतल्या पाद्र्यांना पत्रं लिहिली. सगळ्यांची उत्तरं सभ्य होती आणि त्यांत काही नव्हतं.

हा शोध माझ्या मनाला लागण्याचं आणखी एक कारण होतं. माझी मुलगी हेस्टर हिने लेलंड मेरिफिल्डशी लग्न केलं होतं. पण या मेरिफिल्डांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो ओहायो राज्यातून आलेला, गाईंचं दूध काढण्याच्या यंत्रांची दुरुस्ती करणारा, मोठ्याने हसणारा माणूस. त्याच्या वडिलांचं छायाचित्र मी पाहिलं होतं; आजोबांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. हे आडनाव त्याच्याकडे वेगळ्याच वाटेने आलं होतं.

एका दुपारी हेस्टर मला तिच्या ट्रकमधून नदीकाठच्या दफनभूमीत घेऊन गेली. त्या वर्षी पाऊस फार कमी झाला होता. गवत पिवळं पडलं होतं आणि नदीचे दगड उघडे पडून वाळले होते. आम्ही ओळीओळीने फिरलो. बाकीचे सगळे आमदार तिथे होते. काहींच्या दगडांवर पदसुद्धा कोरलेलं होतं.

"बाबा, तुमचे मेरिफिल्ड बहुतेक दुसऱ्या गावचे असतील," हेस्टर म्हणाली.

"दुसऱ्या गावचा माणूस इथून निवडून येईल? अगं, पलीकडच्या काठावरच्या माणसाला इथे परका म्हणतात."

ती हसली आणि मग थांबली. "एक सांगायचं होतं. शनिवारच्या पक्षाच्या सभेत लेलंडचं नाव सुचवणार आहेत. विधानसभेसाठी."

"लेलंडचं?" मी विचारलं.

"नऊ वर्षं झाली, बाबा. अजून त्याला दुकानात 'काय रे ओहायो' म्हणून हाक मारतात. परवा ऑल्डन फिस्क स्वतः घरी आला. म्हणाला, गावच्या सभागृहातल्या आमदारांच्या फळ्यावर मेरिफिल्ड हे नाव फार दिवसांत लिहिलेलं नाही, ते तिथे शोभून दिसतं. त्या रात्री लेलंडला झोप लागली नाही. लहान मुलासारखा झाला होता."

आमच्या गावाची ही खोड मला ठाऊक होती. माणूस नवा चालत नाही, पण नाव जुनं असलं की माणसाकडे कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑल्डनच्या दुकानात गेलो. ऑल्डन फिस्क गावचा दुकानदार आणि प्रत्येक सभेचा अध्यक्ष. तो खिळे तोलत होता.

"ऑल्डन, ते मेरिफिल्ड आमदार. त्यांना पुरलंय कुठे?"

"मास्तर, अहो, मेलेल्यांचा पिच्छा सोडा की आता! पोरांना छळलंत तेवढं पुरे नाही झालं?"

"शेवटचा कोण होता? ऑरिन ना?"

"ऑरिन. पहिल्या महायुद्धानंतरचा. तुम्हीसुद्धा 'हो' म्हटलं असेल त्याच्यासाठी. तेव्हा तुम्ही काही पाळण्यात नव्हता."

खरंच होतं. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो, आणि त्या सभेला गेलो होतो. मी आठवण्याचा प्रयत्न केला. सभागृह आठवलं. माझ्या शेजारी बसलेला माझा बाप आठवला. ऑरिन मेरिफिल्ड व्यासपीठावर उभा होता तेही आठवलं.

"दिसायला कसा होता रे तो?" मी विचारलं.

ऑल्डनचा हात तराजूवर थांबला.

"हॅट चांगली होती," तो शेवटी म्हणाला. "काळी. रुबाबदार हॅट होती."

मलाही तेवढंच आठवत होतं.

त्या संध्याकाळी मी लेलंडकडे गेलो. तो गोठ्यात एका यंत्राच्या नळ्या धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं जे होतं ते. बोलताना माझं मलाच ते पोकळ वाटत होतं.

"म्हणजे बाबा, त्यांच्या कबरी सापडत नाहीत म्हणून मी उभं राहू नये?"

"त्यांचं काहीच सापडत नाही, लेलंड."

"पण मी सापडतो ना?" त्याने ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "हा बघा. टुणटुणीत. तुम्ही फार वाचता. एकदा तरी गावाने मला आपलं म्हणू दे. हेस्टरसाठी तरी."

मी माझी हॅट उचलली आणि घरी आलो.

शनिवारी दुपारी सभा होती. आमच्या गावात सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे या सभेत ज्याचं नाव ठरलं तो निवडून आल्यातच जमा. बायकांनी काकवी घालून भाजलेला घेवडा आणि तपकिरी पाव आणला होता. जेवण झालं. पुरुषांनी आत येताना आपापल्या हॅट नेहमीप्रमाणे मागच्या, नदीकडच्या बाकावर ठेवल्या होत्या. त्या बाकावर कुणी बसत नाही. तो हॅटसाठीच आहे. मीही माझी ठेवायला गेलो.

बाकाच्या पार भिंतीकडच्या टोकाला काही काळ्या हॅट एकीशेजारी एक ठेवलेल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या, उंच. इतक्या उकाड्यात जाड लोकरी फेल्टची हॅट घालून कोण आलं असेल, असं मनात आलं. खालची लाकडी जमीन ओली होती. बाकाच्या कडेवरून पाणी सावकाश ठिबकत होतं, आणि त्याला नदीच्या तळच्या दगडांचा वास येत होता.

मी वर पाहिलं. छत कोरडं होतं.

लेलंडची फिकट गवती हॅट मी ओळखली. ती त्या काळ्या हॅटना अगदी लागून ठेवलेली होती. मी ती उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली आणि जागेवर जाऊन बसलो. हेस्टर माझ्या शेजारी होती. निळा पोशाख, हातमोजे. तिच्या आईसारखी दिसत होती.

ऑल्डनने टेबलावर लाकडी हातोडी आपटली. नाव सुचवलं गेलं, अनुमोदन मिळालं. लेलंड समोर उभा राहिला, लालबुंद, हात कुठे ठेवावेत हे न कळून.

"कुणाला काही बोलायचं आहे?" ऑल्डनने विचारलं. हे तो दर वेळी विचारतो, आणि दर वेळी कुणी बोलत नाही.

मी उभा राहिलो.

इतक्या वर्षांत मी त्या सभागृहात कधी तोंड उघडलं नव्हतं. माना वळल्या.

"अध्यक्ष महाराज," मी म्हणालो, "माझी विनंती आहे की हे नाव आज घेऊ नये. या आडनावाचे पाच जण इथून गेले. त्यांचं पुढे काय झालं, हे मला शोधता आलेलं नाही. त्यांना कुठे पुरलं तेही नाही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आपल्याला त्याला निवडून द्यायचंय, पुरायचं नाही!"

सगळे हसले. लेलंडही हसला, पण माझ्याकडे न बघता. मी म्हणालो, "तुमच्यापैकी एकाने तरी ऑरिनचा चेहरा सांगा." हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही. हसले नाहीत ते फक्त म्हातारे. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"बसा, मास्तर," ऑल्डन हळू आवाजात म्हणाला. "अनुकूल असतील त्यांनी 'हो' म्हणावं."

सभागृह 'हो' म्हणालं.

तो आवाज थांबला. त्यानंतर, किंचित उशिरा, आणखी एक 'हो' आला. एका माणसाचा नव्हे. काही पुरुषांचा, एकत्र, खालच्या पट्टीत.

तो मागून आला, नदीकडून.

हेस्टरने माझा हात धरला. तिचा हातमोजा गार पडला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही.

"प्रतिकूल?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही," हेस्टर म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध, स्पष्ट आवाजात.

ऑल्डनने थोडं थांबून समोर पाहिलं, जणू कान देऊन.

"एकमताने," तो म्हणाला आणि हातोडी आपटली.

टाळ्या पडल्या. लोक उठले, लेलंडच्या पाठीवर थापा मारू लागले. त्या दिवशी त्याला कुणी ओहायो म्हटलं नाही. गर्दी मागच्या बाकाकडे सरकली आणि ज्याची त्याची हॅट ज्याच्या त्याच्या हातात गेली. मी पोचलो तेव्हा बाक रिकामा होता. लाकूड वाळलेलं होतं. लेलंडची गवती हॅट कुठेच नव्हती.

तो दारात उभा होता. त्याच्या डोक्यावर काळी हॅट होती.

"ही तुझी नाही," हेस्टर म्हणाली.

"माझीच असणार. बघ की, किती नेमकी बसते." काठावरून एक थेंब त्याच्या कोटावर पडला. त्याने तो पुसला नाही.

त्यानंतर मी लेलंडची नोंद लिहायला घेतली. निदान एका मेरिफिल्डची तरी पूर्ण लिहावी, पक्की, जन्मापासून, असं मी ठरवलं होतं. ओहायो लिहिलं आणि गावाचं नाव आठवेना. ते मी शेकडो वेळा ऐकलं होतं. म्हातारपणाला दोष देऊन मी हेस्टरला फोन केला. तिलाही ते आठवेना. तिने लेलंडला हाक मारून विचारलं, आणि त्याचं उत्तर मला फोनवर ऐकू आलं.

"कुठला म्हणजे? इथलाच की."

त्याच्या वडिलांचं छायाचित्र त्यांच्या जिन्यात टांगलेलं असे. तिथे आता भिंतीवर फिकट चौकोन आहे. तिथे काय होतं, हे हेस्टरला सांगता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये तो निवडून आला. राजधानीला अधिवेशनासाठी जायच्या आदल्या दिवशी, सकाळी, दोघं माझ्याकडे आले. दार हेस्टरने उघडलं. ती एकटीच आत आली. कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. मी कॉफी ओतली. तिने कपाला हात लावला नाही.

"लेलंड?"

"ट्रकमध्ये बसलाय. म्हणाला, लवकर ये."

बाहेर कडाक्याची थंडी होती. ट्रकचं इंजिन चालू होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एक विचारू? हसू नका."

"विचार."

"लेलंडचे डोळे कुठल्या रंगाचे होते?"

मी आठवायला लागलो. तो माझ्या टेबलाशी नऊ वर्षं जेवला होता. माझ्या बायकोच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता. मी आठवत राहिलो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मी उठलो, खिडकीशी गेलो आणि पडदा बाजूला केला. ट्रक फाटकाशी उभा होता. काचेवर कुठेही वाफ धरलेली नव्हती. स्टिअरिंगमागे तो बसला होता, घराकडे तोंड करून. मी नीट, पुष्कळ वेळ पाहिलं.

"काय दिसतंय, बाबा?"

हॅट चांगली होती. काळी. रुबाबदार हॅट होती.