हेमचंद्रचं कुलूप

तू म्हणशील, हजारो खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये कसली आलीय भीती. रिकामं असताना कधी गेलीस का तिथे?

दुपारचे तीन वाजले होते. स्नो वॉर्निंग होती, म्हणून संध्याकाळच्या फुटबॉल मॅचआधी मैदानावरचं सरकतं छत बंद करायचं होतं. आमच्याकडे साधा नियम आहे. छतावर चढणारा प्रत्येक जण मोटरच्या मेन स्विचला आपलं कुलूप लावून जातो आणि उतरल्यावर स्वतःच काढतो. कुलूप आहे तोवर वर माणूस आहे, छत हलत नाही.

त्या दिवशी सगळे उतरले, तरी एक कुलूप लटकत राहिलं. टॅगवर नाव होतं हेमचंद्र.

"तो मागच्या विंटरलाच जॉब सोडून गेला गं," आमचे सुपरवायझर मिलिंददादा म्हणाले. "कटरने तोड. वर कोणी नाही म्हणून फॉर्मवर सही कर."

"सकाळी हे कुलूप इथे नव्हतं, दादा."

"ईशिता, सेफ्टीचं सर्टिफिकेट घेऊन तीन महिने नाही झाले. मला शिकवतेस?"

ते हसले, पण माझ्याकडे न बघता. हेमचंद्रचं नाव निघालं की इथे सगळ्यांना अचानक कॉफी आणायला जायचं असतं, हे मी आल्यापासून पाहत होते. सही करायची, आणि वर खरंच कोणी असलं तर? मी शेजारी माझं कुलूप लावलं आणि वर निघाले. कटरही सोबत घेतला. दादांवर माझा भरवसा नव्हता.

छताखालच्या अरुंद लोखंडी वाटेवर जुन्या ग्रीसचा वास कोंडला होता. खाली मैदान तळहाताएवढं दिसत होतं. पुढे अंधारात पावलं वाजत होती. मी थांबले की तीही थांबायची.

"हेमचंद्र?... मी सेफ्टीची. खाली चला..."

पावलं माझ्याकडे आली. जवळ... अगदी जवळ... आणि मग माझ्या पाठीमागे, जिन्याकडे गेली. त्या वाटेवर दोन माणसं एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत.

मी शेवटच्या टोकापर्यंत जाऊन आले. कोणी नव्हतं. खाली आले, तर स्विचवर फक्त माझं कुलूप होतं.

"तोडलंत?" मी विचारलं. पण कटर माझ्याच हातात होता.

मिलिंददादा भिंतीला टेकून खाली बसले होते. "तो उतरला... स्वतःच काढलं त्याने."

"काही बोलला?"

"वर कोण आहे, विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तोंडातून निघून गेलं गं... कोणी नाही म्हणालो."

"मागच्या विंटरलाही हेच म्हणाला होतात?"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. हात स्वच्छ होते.

मी माझं कुलूप काढायला वळले. अशा कुलपाला एकच किल्ली असते, आणि ती माझ्या मुठीत होती. तरी कुलपात एक किल्ली होती. ग्रीसने माखलेली, अर्धी फिरवलेली. तिची कडी अजून हलत होती.