पाठमोरे तात्या

नव्व्याण्णव साली सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी सायबर कॅफे चालवायचे. कॅफे म्हणजे काय, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि फोनच्या तारेला जोडलेला मोडेम. दुपारचं गिऱ्हाईक नसायचं. गाळपाचे दिवस असले की साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर, आंबूस वास यायचा आणि बसल्या बसल्या डोळे जड व्हायचे.

अशाच एका दुपारी शेजारच्या पद्माकाकू आल्या. हातात जुन्या फोटोंचं पाकीट.

"भार्गवी, एवढे ज्ञानीला दिसतील असं कर गं. आणि कुठे तारीख-बिरीख छापलेली असली तर तेवढी झाक."

फोटो तात्यांचे होते, म्हणजे काकूंच्या यजमानांचे. शाळेतून निवृत्त झालेले तात्या त्या वर्षी दसऱ्यानंतर झोपेतच गेले होते. ज्ञानी म्हणजे ज्ञानदा, त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन अमेरिकेत, बर्फाच्या कुठल्याशा गावात. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलेलं. आता पुन्हा दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. बाळंतपण होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही, हे काकूंनी ठरवलं. जावयाला ठाऊक होतं, तोही गप्प होता. फोनवर काकू सांगायच्या, "तात्यांचा घसा बसलाय", "तात्या कराडला गेलेत."

ज्ञानदानं एका साइटवर अल्बम उघडला होता. ती तिकडून त्यात फोटो ठेवायची, आम्ही इकडून. ते दोन्हीकडे दिसायचे. पासवर्ड तिला आणि आम्हा दोघींनाच माहीत. मी तात्यांचे फोटो स्कॅन करून अल्बमात चढवले. हसणारे तात्या, अंगणात पेपर वाचणारे तात्या. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बघत राहिल्या.

थोड्याच दिवसांत ज्ञानदाची मेल आली. तिनं लिहिलं होतं, 'तात्यांचा पुलावरचा फोटो फार आवडला. पण एवढ्या धुक्यात कशाला नेलंस त्यांना?'

"पुलावरचा?" काकू म्हणाल्या. "पुलावरचा कुठे दिला मी?"

मी अल्बम उघडला. त्या वेळी फोटो एकदम दिसत नसे, वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. आधी नुसतं पांढरं धुकं आलं. मग सांगलीच्या आयर्विन पुलाचा कठडा. मग एक टोपी, खाली खांदे, तपकिरी स्वेटर. पाठमोरा माणूस पुलावरून पलीकडे चालला होता. डाव्या कोपरावर हिरव्या लोकरीचं ठिगळ होतं.

"मी लावलंय ते," काकू अगदी हळू म्हणाल्या.

तो स्वेटर त्यांनी तेराव्यानंतर घरी काम करणाऱ्या तानुबाईला दिला होता. म्हणजे हा तिचा नवरा कोंडीबा असणार. मला एकदम हायसं वाटलं. तानुबाईला बोलावून विचारलं.

"आवं काकू, त्यो सेटर ट्रंकेतच हाय," ती म्हणाली. "आमच्या मालकानं अजून अंगाला लावला न्हाई. म्हंत्यात, मास्तरांचा वास येतोय त्याला."

तिनं पडद्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

त्या दिवशी काकू गेल्यावर मी तो फोटो पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तो होता तिथेच होता. शेजारी आणखी एक आला होता. मिरज स्टेशनचा फलाट, रिकामा, आणि टोकाला तेच पाठमोरे तात्या.

मग ते येतच राहिले. एकात काचेचा लांबच लांब बोळ होता, तात्यांखेरीज माणूस एकही नाही, आणि काचेपलीकडे विमानाची शेपटी. एकात नुसते ढग आणि खिडकीला टेकलेली टोपी. प्रत्येक वेळी पाठच. मला भीती वाटायला हवी होती, वाटतही होती. पण ती भीती स्वप्नातली असते ना, तशी होती. पळावंसं वाटत नाही, पुढचं पाहावंसं वाटतं. काकू तर आता दुपारी केस विंचरून, धुवट पातळ नेसून यायच्या. फोटो उतरेपर्यंत त्यांच्या ओठांवर बारीक हसू असायचं.

"जिना चढताना किती दम लागायचा त्यांना," त्या एकदा म्हणाल्या. "आता बघ कसे चालताहेत."

डिसेंबरात तो फोटो आला. आधी राखाडी आभाळ, मग बोडकी झाडं, मग एक उताराचं छप्पर. काकू पुढे झुकल्या. ज्ञानदानं पाठवलेल्या फोटोंतून ते घर आम्हा दोघींच्या ओळखीचं झालं होतं. खाली बर्फ उतरला आणि बर्फात तात्या. दारापासून फार लांब नव्हते ते.

पहिल्यांदाच काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. लाइट गेली होती, बॅटरीवर चालणारा पडदा तेवढा खोलीत उजळ होता.

"भार्गवी... ते तिला भेटायला चाललेत... की न्यायला?"

मी पुन्हा पडद्यावरच्या दाराकडे पाहिलं.

"तिच्या पोटात जीव आहे गं," त्या म्हणाल्या. "मी तिच्यापासून लपवलं. म्हणून स्वतःच सांगायला निघालेत. त्यांना खोटं कधी खपलं नाही."

त्या उठल्या. इथे संध्याकाळ होती, म्हणजे तिकडे सकाळ. मी मोडेमची तार काढून फोनला लावली आणि अमेरिकेचा नंबर फिरवला. मेणबत्ती लावून मी त्यांच्या शेजारीच उभी राहिले, इतकी जवळ की रिसीव्हरमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"ज्ञाने, पडूनच आहेस ना? नीट ऐक. तात्या गेले गं... दसऱ्यानंतर."

तारेवर खरखर झाली. मग ज्ञानदा म्हणाली, "आई, मला वाटलंच होतं. दोन-तीन दिवस सकाळी त्यांच्या चपला वाजतात."

"कुठे?"

"जिन्याखाली. वर येत नाहीत... थांबतात."

काकूंनी माझा हात घट्ट धरला. त्यांची बोटं गार पडली होती.

"त्यांना म्हणावं, मला कळलंय. आईनं सांगितलंय. म्हणावं, आता फिरा मागे."

तिकडे रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग ज्ञानदाचं बोलणं ऐकू आलं, लांबून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं. शब्द कळत नव्हते. मध्येच ती थांबायची, जणू पलीकडचं ऐकून घेत होती.

त्यानंतर अल्बमात नवा फोटो आला नाही. आलेलेही आपोआप गेले, मी चढवलेले तेवढे उरले. नाताळात ज्ञानदाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकूंनी गल्लीभर पेढे वाटले, आणि मग तात्यांसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ज्ञानदा लेकीला घेऊन आली. माझ्याकडेच बसलो होतो, बाळ काकूंच्या मांडीवर. ज्ञानदानं पर्समधून एक पाकीट काढलं. अल्बमातले ते फोटो तिनं तेव्हाच छापून ठेवले होते.

"बरं केलंस," मी म्हटलं. "पण तोंड एकदा तरी दिसायला हवं होतं. नुसती पाठच बघितली आम्ही."

"पाठ?" ती माझ्याकडे बघत राहिली. "एकाही फोटोत पाठ नाही. माझ्याकडेच येताहेत की ते."

तिनं फोटो टेबलावर मांडले. तोच पूल, तेच धुकं. तात्या समोरून येत होते, शांत, थोडे थकलेले. त्यांच्या मागे, पुलाच्या सांगलीकडच्या टोकाला, धुक्यात दोन बायका उभ्या होत्या. एकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. दुसरीच्या अंगावर माझी निळी साडी होती. फलाटावर त्या दोघी होत्या. काचेच्या बोळातही होत्या.

मी शेवटचा फोटो उचलला. बर्फातले तात्या अगदी जवळ आलेले, डोळ्यांतलं पाणी दिसावं इतके. मागे लांबवर पांढऱ्या रस्त्यावर मी उभी होते. एकटीच. तात्यांच्या पावलांशेजारून आणखी एक बारीक पावलांची ओळ पुढे दाराकडे गेली होती.

काकूंनीही तो पाहिला. बाळाच्या टाळूवरून हात फिरवत त्या जराशा हसल्या, आणि मला त्या उन्हाळ्यातही त्यांच्या पातळाच्या काठाला चिकटलेला बर्फाचा एक पांढरा कण दिसला. तो विरघळत नव्हता.