मड्डमचा जांभळा दोरा

“आधीच झिपऱ्या डोळ्यांवर, त्यात आज परत कोणीतरी दोरा बांधलान मेलीला...” आई खुराड्यापाशी पुटपुटत होती. मी तिच्या पाठीशीच उभी.

मड्डम म्हणजे आप्पांनी मुंबईहून करंडीतून आणलेली तुरेवाली कोंबडी. डोक्यावर पिसांचा एवढा झुपका, की बिचारीला समोरचं दिसायचंच नाही. गावठी कोंबड्या तो झुपका टोचायच्या. पावसात भिजला की डोळे चिकटायचे, मग मी कोमट पाण्याने पुसत बसायचे.

अशीच न बघता ती एकदा सदूच्या सायकलसमोर गेली. सदू मांडवी वाडीतला, मुंबईला शिवण शिकून आलेला. त्याने मड्डमला उचलून माझ्या हातात दिलं, आणि हात... जरा उशिराच काढला.

“हिला दिसत नाय काय?”

“नाय.”

“आणि मालकिणीला?”

पोलक्याचं जांभळं कापड मी त्याच्याकडेच शिवायला टाकलं.

तेव्हापासून सदूचा रस्ता आमच्या दगडी गडग्याच्या कडेनेच जाऊ लागला, आणि मड्डमच्या डोक्यावर जांभळा दोरा दिसू लागला. पिसं मागे घेऊन, हलक्या हाताने बांधलेला. मी सोडला, की पुन्हा बांधलेला. आमच्याकडे कोंबडीला दोरा म्हणजे ती राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, नवसाने बोललेली. कोणी बोलली, कशासाठी, म्हणून आईने घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला. हौसाकाकीने करणीचं नाव काढलं, पण काढताना बघत होती माझ्याकडे. माझा संशय निराळा होता. दोरा बांधणाऱ्याला बोटं होती, तोंड नव्हतं.

शेवटी आईने ठरवलं, देवाची वस्तू घरात नको. रविवारी राखण द्यायची. मड्डम कापायची.

शनिवारी सदू पोलकं घेऊन आला. आईने ते उलटं केलं. शिवण बघितली, मग काखेतल्या मड्डमचा झुपका बघितला. दोरा तोच. आईने विचारलं, हा दोरा कुठला. सदू सायकलची घंटी पुसू लागला. म्हणाला, दोरा काय... बाजारात सगळीकडे मिळतो.

आई म्हणाली, मग उद्या राखण ठरली. सदूचा चेहरा उतरला, पण तोंड काही उघडेना. मड्डम तेवढी टक्क डोळ्यांनी आम्हा तिघांकडे बघत होती.

मी तिला आईच्या काखेतून काढून घेतलं.

“बोललेली ही नाय, आई,” मी म्हटलं. “बोललेली मी हाय... सदूला.”