यम्नाचं दुसरं मरण

"हुमेरा, यम्ना पुन्हा गेली गं!"

फोनवर हमीदचाचा हमसून रडत होते. हुमेराने दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं ऑफिस अर्ध्यात सोडलं आणि शारजात रोल्लाला चाचांचं घर गाठलं. विमा कंपनीत खोटे क्लेम पकडणं हे तिचं काम. नातेवाईक तिच्याशी जरा जपूनच बोलत.

चाचांची एकुलती एक यम्ना तीन वर्षांपूर्वी खोर फक्कानच्या रस्त्यावर अपघातात गेली. पोरीला पांडांचं वेड होतं. म्हणून चाचांनी चीनमधल्या एका प्रजनन केंद्रातल्या मादी पिल्लाचा खर्च उचलला आणि तिला यम्नाचं नाव दिलं. तिला भेटायला ते गुरुवारी पहिल्यांदाच निघणार होते. आणि आज केंद्राचा ईमेल: पांडा न्यूमोनियाने दगावली, आता येऊ नये.

"ईमेल कुठे वाचला, चाचा?"

"दुकानात. दुपारची जोहरची नमाज पढून आलो, फोन बघितला. शटर ओढलं नि घरी आलो."

"चाचीला कोणी सांगितलं?"

"मीच, दारात. तोपर्यंत तिला बिचारीला काय माहीत?"

हुमेराने ईमेल वाचला. पाठवणाऱ्याचा पत्ता केंद्राचा वाटत होता, पण कोणीही फुकटात उघडावा असा. बाल्कनीत जाऊन तिने केंद्राला व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या बाईने कॅमेरा वळवला. यम्ना भिंतीला टेकून मजेत बांबू सोलत होती.

हुमेरा संतापली. मेलेल्या मुलीच्या नावाने असले खेळ कोण करतं?

दुकानातला मुझम्मिल चाचांच्या मागोमाग आला होता.

"दुकानाचे ईमेल तूच लिहितोस ना? चाचांनी जाऊ नये असंही तूच म्हणालास."

"सीझन आहे, नंतर जा बोललो. बस, खलास! पण मेली म्हणून लिहायचं? तौबा! मैं ऐसा क्यूँ करूँगा?"

स्वयंपाकघरात सुरैय्याचाची ओट्याला टेकून उभी होती. पूर्वी ती शाळेत इंग्रजी शिकवायची. शेगडी थंडगार होती आणि शेजारी पुलावाची परकी डेगची. तेवढ्यात डेगची न्यायला शेजारची हाफिजा आली.

"चांगला झालाय पुलाव," हुमेरा म्हणाली. "कधी केला?"

"सकाळीच. मुलांना स्कूल बसमध्ये बसवलं नि लगेच चढवला. सुरैय्याचा मेसेज होता, आज जेवण तुझ्याकडून येऊ दे."

हाफिजा गेली. हुमेराने दार लोटलं.

"चाची, मय्यतीच्या घरात आपण चूल पेटवत नाही, जेवण शेजारून येतं. पण चाचांनी बातमी आणली दुपारी, आणि तू गॅस सकाळपासून पेटवला नाहीस. मुझम्मिलने लिहिलं असतं, तर तुला सकाळी कसं कळलं असतं? ईमेल तूच लिहिलास. दुपारी जाईल असा लावून ठेवलास."

चाचीने शेगडीकडे पाहिलं.

"गॅसचं मुद्दाम नाही गं केलं. शेगडीकडे हातच जाईना."

"पण का?"

"यम्नाला गुस्ल मी दिला, शेवटची आंघोळ मी घातली. तिचे केस मी विंचरले. त्या दिवसापासून तुझे चाचा तिच्याबद्दल माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. सगळं त्या मोबाइलमधल्या जनावराशी. यम्ना जेवली? यम्ना झोपली? गुरुवारचं तिकीटसुद्धा एकच काढलं. म्हटलं, ही गेली तर निदान माझ्याजवळ बसून रडतील. रडले. तुला फोन करून."

दार उघडलं. चाचांनी सगळं ऐकलं होतं. आता घर डोक्यावर घेतील, या भीतीने हुमेरा मध्ये सरसावली.

"म्हणजे माझी यम्ना जिवंत आहे?"

हुमेराने मान डोलावली.

"अल्हमदुलिल्ला! यल्ला, लवकर लाव परत, मला दाखव!" चाचांचा चेहरा उजळला होता. तिच्या हातातला फोन घेऊन ते बायकोच्या अंगावरून तसेच हॉलमध्ये गेले आणि मुझम्मिलला हाका मारू लागले.

"बघितलंस?" चाची म्हणाली. "माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत."